अठराशे डॉलरचा बंद डबा

८ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी दहा वाजता आम्ही पासिर रिसहून निघालो तेव्हा डब्याची किंमत अठराशे सिंगापूर डॉलर होती. दुपारी दोनला परत आलो तेव्हा ती चारशे झाली होती. हजर तिघे: चीफ, काकू आणि मी. डबा जेवणाच्या टेबलाच्या मधोमध ठेवला होता, आणि घरात कोणी आजारी असावं तसे आम्ही त्याच्याकडे बघत बसलो होतो.

डब्यात अमेरिकेतल्या बेसबॉल खेळाडूंचे फोटो असलेली, पत्त्यांएवढी कार्डं होती. एका हंगामाचा पूर्ण संच, कारखान्यातून बंद होऊन आलेला. वरचं पारदर्शक प्लास्टिक पस्तीसएक वर्षांत कोणी फाडलेलं नव्हतं. असा डबा उघडायचा, आतली चांगली कार्डं अमेरिकेतल्या एका तपासणी कंपनीकडे पाठवायची आणि दहापैकी किती गुण पडतात ते बघायचं, की आहे तसा बंद विकायचा, एवढाच प्रश्न होता. दुसऱ्या कोणाच्या घरी याचा निकाल अर्ध्या तासात लागला असता. पण चीफ आयुष्यात होता होईतो काहीच उघडत नसत.

चीफ म्हणजे चीफ इंजिनिअर. बरीच वर्षं मालवाहू जहाजांवर, मग सिंगापूरच्या एका शिपिंग कंपनीत किनाऱ्यावरची नोकरी, इथेच पीआर, म्हणजे कायमचा परवाना, इथेच निवृत्ती. मी सत्ताविसाव्या वर्षी पुण्याहून इथे आलो, बुओना व्हिस्टाजवळच्या एका ऑफिसात अकाउंट्समध्ये लागलो आणि त्यांच्या पासिर रिसमधल्या फ्लॅटची एक खोली भाड्याने घेतली. ऑफिसला जायला एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, जवळजवळ तास लागायचा. पण भाडं कमी होतं आणि त्यात काकूंच्या हातची आमटी धरलेली होती. मी दोन्ही बाजू मांडून बघितल्या होत्या.

पहिल्या दिवशी चीफनी मला घर दाखवलं ते जहाज दाखवावं तसं. स्वयंपाकघराला ते गॅली म्हणत. सकाळी बाथरूम वापरायची वेळ म्हणजे माझी 'वॉच', जहाजावरची पाळी. ती सहा ते सव्वासहा, आणि संपली की दार वाजवून 'वॉच हँडओव्हर' असं सांगायचं. सोफ्यावर दुकानातलं प्लास्टिक होतं. सिंगापूरच्या हवेत अशा सोफ्यावर अर्धी चड्डी घालून बसलं की उठताना मांडीची साल मागे राहते. टीव्हीचा रिमोट पिशवीत, मायक्रोवेव्हच्या दारावरची फिल्म तांबूस झालेली, फ्रीजवर दुकानाची चिठ्ठी. फ्रीज नवीन घेतलाय का, असं मी विचारलं.

"नवीन नाही," चीफ म्हणाले. "पण जुना झालेला नाही."

त्यांची विचारसरणी या एका वाक्यात होती. उघडलेली वस्तू म्हणजे वापरलेली वस्तू, आणि वापरलेल्या वस्तूचं पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत असतं. बंद वस्तूचं मात्र काहीही होऊ शकतं. कपाटात भेट आलेले शर्ट टाचण्यांसकट होते. टॉवेलांचे संच होते. घड्याळ होतं, ज्याच्या काचेवर छापील काट्यांचं स्टिकर होतं; ते सदैव दहा वाजून दहा मिनिटं दाखवायचं आणि चीफ ते लग्नकार्याला तसंच बांधून जायचे. वेळ कोणी विचारली तर काकूंना विचारायचे.

हे कुठून आलं याची त्यांच्याकडे एक गोष्ट होती. ते जहाजावर फोर्थ इंजिनिअर असताना, आपण किती कामसू आहोत हे दाखवायला, व्यवस्थित चालणारा एक पंप त्यांनी साफसफाईसाठी उघडला. आतलं गॅस्केट, म्हणजे सांध्यातली चकती, फाटलं. दुसरं जहाजावर नव्हतं. मग एवढं मोठं जहाज भर समुद्रात नुसतं डुलत उभं राहिलं. त्या वेळचा चीफ त्यांना रागावला नाही. फक्त त्याने पुढच्या सगळ्या प्रवासभर रोज सकाळी त्या पंपासमोर उभं राहून 'गुड मॉर्निंग, सर' म्हणायची शिक्षा दिली. ही गोष्ट सांगताना जहाज कधी हिंदी महासागरात असे, कधी बिस्केच्या उपसागरात, आणि डुलण्याचा काळ चार तासांपासून दोन दिवसांपर्यंत बदलत असे. गुड मॉर्निंग मात्र कायम होतं. "चालतंय ना?" ते शेवटी म्हणायचे. "मग नट फिरवू नये."

काकूंची स्वतःची गोष्ट वेगळी होती. घरी आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला त्या ती सांगत. लग्नात मंगलाष्टकं संपून भटजी अंतरपाट दूर करायला लागले, तेव्हा हे म्हणाले, घाई नाही. चीफ हे कधी नाकारत नसत. "मुहूर्ताला अजून दोन मिनिटं होती," एवढंच म्हणत.

मी तिथे राहत असतानाचा ड्युरियनचा प्रसंग सांगायलाच हवा. ड्युरियन म्हणजे फणसाचं लहान पण तापट भावंड. इथला विक्रेता ते तुमच्यासमोर फोडतो, एक गर चाखायला देतो, नाही आवडलं तर दुसरं फोडतो. चीफना ही पद्धत पटत नव्हती. त्यांनी एक फळ निवडलं आणि न फोडता द्यायला सांगितलं. विक्रेता म्हणाला की आत खराब निघालं तर परत घेणार नाही. चीफ म्हणाले की तो प्रश्न फोडल्यानंतरचा आहे. एमआरटीत ड्युरियन न्यायला बंदी, म्हणून ते मी हातात धरून घरापर्यंत चालत आणलं आणि कपडे वाळत घालायच्या जागी ठेवलं. चीफ रोज सकाळी त्याच्यापाशी जात, वाकून वास घेत आणि 'आज नको' म्हणून परत येत. काही दिवसांनी समोरच्या फ्लॅटमधल्या मलय बाईंनी दार वाजवून अतिशय अदबीने विचारलं की तुमच्याकडे सगळे बरे आहेत ना. त्याच संध्याकाळी फळ पिकून आपोआप उकललं. काकूंनी ते दोन पिशव्यांत बांधून इमारतीतल्या कचरा टाकायच्या नळकांड्यातून खाली सोडलं. चीफना यात आपली हार झाली असं मुळीच वाटलं नाही. ते आपणहून उघडलं, आपण हात लावला नाही, याचंच त्यांना समाधान होतं.

दोन वर्षांनी माझं लग्न झालं, मी खोली सोडली. पण पासिर रिसमध्येच घर घेतलं आणि रविवारचं येणंजाणं सुरू राहिलं. सोफ्याचं प्लास्टिक तेव्हाही होतं. माझ्या मुलीने लहानपणी त्यावरून घसरगुंडी खेळून त्याचा पहिल्यांदा काही उपयोग केला.

आता डब्यांविषयी. असे सात डबे होते. जहाज अमेरिकेतल्या बंदरात लागलं की चीफ एका ठरावीक दुकानात जात. दुकानदार म्हातारा होता. पहिल्या वेळी चीफ पोस्टकार्डं घ्यायला गेले होते, तर त्याने हा डबा दाखवला आणि म्हणाला की बाळा, घे आणि उघडू नकोस, तीस वर्षांनी यात तुझं घर होईल. 'उघडू नकोस' हा सल्ला आयुष्यात पहिल्यांदा त्यांना परक्या माणसाने न मागता दिला होता. त्यांनी तो डबा घेतला, आणि पुढे त्या बंदरात जितक्या वेळा गेले तितके घेतले. बेसबॉलचा एक सामना त्यांनी कधी पाहिला नव्हता. तो खेळ म्हणजे कोणीतरी क्रिकेट ऐकीव माहितीवरून सुरू केलं असावं, असं त्यांचं मत होतं.

डबे बेडरूममधल्या कपाटाच्या वरच्या फळीवर असत आणि वर्षातून एकदा खाली येत. बोटीवर दसऱ्याला इंजिनरूममध्ये पूजा व्हायची. मुख्य इंजिनच्या दांड्याला हार, प्रत्येक पंपाला कुंकू, आणि नारळ फोडायचा तो बादलीत, कारण खाली तेल असतं. किनाऱ्यावर आल्यावर पूजा करण्यासारखं यंत्र राहिलं नाही. मग ते लक्ष्मीपूजनाला हे सात डबे पाटावर मांडू लागले. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. कुंकू ते स्वतः लावत, वाटीतल्या पाण्यात अनामिका बुडवून, प्रत्येक डब्यावर त्याच जागी, वरच्या बाजूला मध्यावर. मी कित्येक दिवाळ्यांना तिथे होतो. प्रसादाच्या करंज्या खाल्ल्या आहेत.

हे सगळं गमतीचं राहिलं असतं, पण चीफच्या न उघडलेल्या वस्तूंमध्ये एक वस्तू अशी होती की जिच्यापायी काकूंचा जीव खरोखर झुरत होता. ती म्हणजे कोथरूडचा फ्लॅट. ताबा मिळून अकरा वर्षं झाली होती. चीफ आणि काकू गेले, वास्तुशांत केली, दाराला कुलूप लावलं आणि परत आले. समोरच्याच इमारतीत काकूंची धाकटी बहीण, माई, एकटी राहते. चीफ-काकूंना मूलबाळ नाही. काकूंचं म्हणून जगात जे कोणी होतं ते त्या समोरच्या गॅलरीत उभं होतं. माईंचा दर रविवारी फोन यायचा, आणि बोलण्यात एकदा तरी यायचं, की तुमच्या गॅलरीत कबुतरांनी संसार थाटला, त्यांची नातवंडं झाली, तुम्ही कधी येताय?

काकू ते चीफना विचारायच्या. चीफ म्हणायचे, डबे विकले की जाऊ. इथे गिऱ्हाईक मिळतं, पुण्यात कोण घेणार? आणि आत्ताच विकायचे कशाला, अजून भाव वाढतोय. मी अकाउंटंट असल्यामुळे 'काय रे हिशेबनीस, वाढतोय ना?' असं मला साक्षीला घेतलं जायचं. मला बेसबॉलमधलं काहीच कळत नसल्यामुळे मी करंजी खायचो.

गेल्या दिवाळीच्या आधी माई बाथरूममध्ये पडल्या. मनगट मोडलं. शेजाऱ्यांना कळायला दुपार झाली. काकूंनी त्यावर आरडाओरडा केला नाही. त्यांनी जानेवारीअखेरचं विमानाचं एक तिकीट काढलं. एकच. आणि मला फोन करून सांगितलं, "अरे, त्या डब्यांचा काय तो एकदा निकाल लावून दे. यांना मग कारण उरणार नाही. यायचं असेल तर येतील, नाहीतर राहतील सोफ्यावर चिकटून."

मी कामाला लागलो. नॉर्थ ब्रिज रोडजवळच्या एका जुन्या मॉलमध्ये अशा कार्डांचं एक छोटं दुकान आहे. मालक चाळिशीचा, चिनी, प्रत्येकाला अंकल म्हणणारा. मी त्याला सातही डब्यांचे फोटो पाठवले. त्याने सहा डब्यांचे प्रत्येकी तीस डॉलर सांगितले. मला वाटलं तीनशे लिहायचं असेल. फोन केला, तर तीसच. त्या काळात सगळ्यांनाच कोणी ना कोणी सांगितलं होतं की घ्या आणि उघडू नका, म्हणून कंपन्यांनी ढिगाने छापले आणि लोकांनी ढिगाने जपून ठेवले. चीफना मी हे सांगितलं.

"म्हणजे सगळ्यांनीच बंद ठेवले?"

"हो."

"मग कोणी उघडलेच नाहीत, तर आमची वस्तू दुर्मीळ व्हायची कशी?" ते म्हणाले. लोकांच्या या बेजबाबदारपणाचा त्यांना मनापासून राग आला होता.

सातवा डबा मात्र वेगळा निघाला. तो चकचकीत कागदावरचा, थोडाच छापलेला संच होता. त्यात एका नामवंत खेळाडूचं पहिल्या वर्षाचं कार्ड होतं. बंद डब्याचे दुकानदार अठराशे डॉलर द्यायला तयार होता. उघडला तर? ते कार्ड तपासणीत दहापैकी दहा गुणांचं ठरलं तर सात हजार. नऊ पडले तर नऊशे ते हजार. आठ किंवा कमी पडले तर तीनशे. दहा डबे उघडले तर एखाद्यात दहा गुणांचं निघतं, पाचेकात नऊ, बाकीच्यांत आठ किंवा कमी, हा त्याचा अनुभव. कारण कारखान्यातच कार्ड तिरकं कापलेलं असतं, कोपरा दबलेला असतो. तुम्ही कितीही जपा, आत जे आहे ते आहे.

मी कागदावर मांडलं. नऊ गुणांचे नऊशेच धरले तर सरासरीने उघडण्यातून बाराशे सत्तर, तपासणीचा आणि पोस्टाचा खर्च वजा जाता साडेअकराशेच्या आसपास. बंद विकला तर अठराशे. निकाल स्पष्ट होता: उघडू नये. हे ऐकल्यावर चीफच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. आयुष्यभर ज्याला लोक खुळ म्हणत आले त्याला गणिताने पाठिंबा दिला होता. त्यांनी मला दोनदा ते मांडायला लावलं आणि दुसऱ्या वेळी काकूंना आतून बोलावून घेतलं. काकू म्हणाल्या की ठीक, मग बंद विका, पण विका.

म्हणून त्या शनिवारी आम्ही तिघे डबा घेऊन निघालो. तो काकूंच्या पैठणीच्या कव्हरमध्ये होता, आणि चीफनी तो एमआरटीत मांडीवर धरला होता. सिटी हॉल स्टेशन येईपर्यंत त्यांनी त्यावरचे हात उचलले नाहीत.

दुकानदाराने डबा दिव्याखाली घेतला, फिरवला, चारही बाजू पाहिल्या, मान डोलावली. मग वरची बाजू पाहिली आणि भिंग काढलं.

"अंकल, धिस रेड वन, व्हॉट?"

चीफ म्हणाले, "ब्लेसिंग."

मी इथे थांबून एक गोष्ट कबूल केली पाहिजे असं नाही, पण नोंदवली पाहिजे. फोटो मी काढले होते. त्या फोटोत तो लाल ठिपका होता, चांगला चवलीएवढा. तो मला दिसला नाही, चीफना दिसला नाही, काकूंना दिसला नाही. आम्हाला तो दिसणारच नव्हता. आमच्याकडे फ्रीज घरात आला की त्याला कुंकू लागतं, गाडीला लागतं, माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपच्या झाकणावर बायकोने लावलेलं अजून आहे. नव्या वस्तूवरचं कुंकू हा डाग असतो हे आम्हाला कोणी सांगितलेलंच नव्हतं. दुकानदाराला फोटोत तो किमतीचा स्टिकर वाटला होता.

त्याने आम्हाला भिंगातून दाखवलं. अशा प्लास्टिकला हवा जायला बारीक भोकं असतात. एक भोक नेमकं वरच्या बाजूला मध्यावर होतं. दर दिवाळीला थोडं थोडं करून कुंकवाचं पाणी त्यातून आत गेलं होतं आणि पुठ्ठ्यावर गुलाबी वर्तुळ पसरलं होतं. बाकीच्या सहा डब्यांवरही असणारच, पण त्यांचं कोणाला काय.

चीफनी त्याला समजावून सांगितलं की हे देवाचं आहे, उलट याने किंमत वाढते. दुकानदाराने आदराने ऐकून घेतलं. दुकानात त्याच्या मागे एका लहान देव्हाऱ्यात संत्री ठेवलेली होती; त्याला देव कळत होता.

"अंकल, ब्लेसिंग ऑल्सो स्टेन, लाह," तो इथल्या पद्धतीने हेल काढून म्हणाला. डागी डबा म्हणून चारशे देऊ शकतो. उघडला तर डाग आत कार्डांपर्यंत पोहोचलाय का ते कळेल. न उघडता कळणार नाही.

असे आम्ही परत आलो. आता टेबलाभोवती बसलो होतो.

मी पुन्हा कागद घेतला. काही अवघड नव्हतं. बंद डब्याचे अठराशे होते तेव्हा न उघडणं बरोबर होतं. आता बंदचे चारशे. उघडण्यातून सरासरी साडेअकराशे, डाग आत गेला असेल म्हणून त्यातले निम्मे सोडले तरी पावणेसहाशे. उघडावा. मी तसं सांगितलं. सकाळपर्यंत जे गणित त्यांच्या बाजूने होतं, तेच गणित दुपारी फिरलं हे चीफना फार लागलं. तुझ्या आकड्यांना काही धरबंध नाही, म्हणाले. मग म्हणाले, वर्षभर थांबू, कुंकू फिकं पडतं. मग म्हणाले, डॉलर चढतोय म्हणतात.

काकू उठून आत गेल्या आणि शिवणाची कात्री घेऊन आल्या. ती त्यांनी डब्याशेजारी ठेवली आणि समोर बसल्या.

"मी जानेवारीत जाणार आहे," त्या म्हणाल्या. "ती बाई दुपारपर्यंत फरशीवर पडून होती. माझं घर समोर असून त्याला कुलूप. तुमच्या डब्याचे सात हजार येवोत नाहीतर सात डॉलर येवोत, मी जाणार."

चीफ टेबलावरच्या प्लास्टिकच्या कव्हरची घडी सारखी करत होते.

"इथून पुणं छान दिसतं गं," ते म्हणाले.

"दिसत असेल. मला तिथे राहायचंय."

"आणि तिथे कोणी ओळखलंच नाही तर?"

"मी ओळखीन की," काकू म्हणाल्या.

यावर मी कागदाकडे बघत होतो. मला दुसरीकडे बघायला जागा नव्हती.

चीफ उठले. इंजिनरूममधले पांढरे सुती हातमोजे त्यांनी कुठून काढले कोण जाणे. तेही अर्थातच पाकिटातले, कोरे होते. त्यांनी ते पाकीट दातांनी फाडलं. मी त्यांच्या घरी इतकी वर्षं येतोय, चीफनी काही फाडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. मग कात्री घेतली आणि प्लास्टिक शिवणीच्या रेषेवरून इतक्या सावकाश कापलं की ते अखंड निघालं. काकूंनी ते त्यांच्या हातातून घेतलं आणि घडी करू न देता सरळ कचऱ्यात टाकलं.

झाकण उघडलं. जुन्या शाईचा आणि कपाटाचा वास आला. सगळ्यात वरचं कार्ड एका मिशीवाल्या खेळाडूचं होतं, आणि त्याच्यावर गुलाबी ठिपका उतरला होता. कपाळावर नव्हे, टोपीच्या वर, मोकळ्या आभाळात. त्याखालच्या कार्डावर अगदी फिकी छटा. तिसरं स्वच्छ. मी क्रमांकाने ते नामवंत कार्ड शोधून काढलं. ते मधल्या थरात होतं आणि स्वच्छ होतं, कोपरे धारदार. चीफनी ते हातमोज्यांतल्या दोन बोटांत धरून उजेडात फिरवून फिरवून पाहिलं.

"हा कोण?" त्यांनी विचारलं. एवढी वर्षं ते ज्याची पूजा करत होते त्याचं नाव मी त्यांना वाचून दाखवलं.

मिशीवाल्याला दुकानदार घेणार नव्हताच. काकू म्हणाल्या की त्याला एवढी वर्षं आपण कुंकू लावलं, आता तो घरचा. त्यांनी तो पाककृतींच्या पुस्तकात खूण म्हणून ठेवला, साबुदाण्याच्या वड्यांच्या पानात.

कार्ड दुकानदारामार्फत अमेरिकेला गेलं. जानेवारीच्या मध्यावर निकाल आला: नऊ. वरची कड केसभर तिरकी, म्हणजे कारखान्यातलीच चूक. चीफना घेऊन मी पुन्हा दुकानात गेलो. तपासणीहून आलेलं कार्ड जाड पारदर्शक डबीत, कायमचं बंद करून, वर नऊचा आकडा छापून येतं. ही डबी फोडल्याशिवाय उघडत नाही. चीफनी ती उलटी केली, सुलटी केली, कडेवरून नख फिरवलं, आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला.

"हे बघ. आता कोणालाच उघडता येणार नाही."

मग हळूच विचारलं की हे ठेवून घेतलं तर काय होईल. मी म्हटलं, काकूंना विचारा. त्यांनी डबी काउंटरवर ठेवली. ती नऊशे नव्वद डॉलरला गेली. बाहेर पडल्यावर ते एमआरटीकडे न वळता सरळ चालायला लागले. कुठे म्हणून विचारलं, तर म्हणाले, विमानाचं तिकीट काढायला. फोनवर निघतं, म्हटलं. त्यांना माहीत नव्हतं. फोनवरची दुकानातली फिल्म काढल्याशिवाय बोटाचा ठसा लागत नव्हता, म्हणून त्यांनी तो प्रयत्नच केला नव्हता. तिकीट मी माझ्या फोनवरून काढलं. काकूंच्या शेजारची जागा गेली होती, मागची मिळाली.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात दोघं गेले. दुसऱ्या दिवशी चीफचा फोन आला. आवाजात विलक्षण उत्साह होता. कोथरूडच्या फ्लॅटमधला एकही नळ फिरत नव्हता. अकरा वर्षं कोणी न फिरवल्याने सगळे क्षाराने जाम झाले होते. प्लंबरने जोर लावला तर चौथा नळ त्याच्या हातात आला आणि पाण्याचा फवारा थेट छतापर्यंत. चीफनी स्वतः मुख्य व्हॉल्व्ह शोधून बंद केला, किती तरी वर्षांनी असं काम हाती घेऊन. तो मात्र फिरला. मागे माईंचं हसू ऐकू येत होतं; मनगट आता बरं होतं म्हणे. समोरच्या इमारतीतले कोणी कोणी बघायला आले होते, आणि त्यातल्या एका गृहस्थाने चीफना नावाने हाक मारली. शाळेत एका वर्गात होते म्हणे. चीफना तो आठवत नव्हता. पण हे त्यांनी मला सांगितलं, त्याला नाही. दुपारनंतर स्वयंपाकघरातल्या नळाला आधी तांबडं आणि मग स्वच्छ पाणी आलं, आणि काकूंनी सगळ्यांना चहा केला.

हिशेब असा. कार्डाचे नऊशे नव्वद. दुकानदाराचं कमिशन नव्व्याण्णव. तपासणी आणि दोन्ही वेळचं पोस्ट एकशे एकतीस. उरले सातशे साठ सिंगापूर डॉलर, सत्तरच्या भावाने त्रेपन्न हजार दोनशे रुपये. त्यातले अठ्ठेचाळीस हजार सहाशे काकूंनी प्लंबरला दिले, चौदा नळ, दोन फ्लश टाक्या आणि मजुरी मिळून. उरलेले चार हजार सहाशे माईंच्या कामवालीला, तीन माणसांच्या स्वयंपाकासाठी, महिन्याचे आगाऊ.